आईशेजारची जागा

बाप गेला तेव्हा पाताळ्या चाळीस हात खाली होता.

गावची विहीर आटून दीड महिना झाला होता. तळाचा कातळ फोडून आणखी काही हाती लागतं का ते बघायचं काम त्याच्याकडे आलं होतं. दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं म्हणा. आसपासच्या निम्म्या विहिरी त्याच्या हातच्या. उभा जन्म जमिनीच्या पोटात गेला म्हणून लोक त्याला पाताळ्या म्हणत, आणि त्या नावाला तो ओही देई. पन्नाशी उलटली होती. अंगानं पहारीसारखा, सरळ आणि सुका. बोलणंही तसंच, ठोकल्याशिवाय आवाज न येणारं.

दोराला तीन झटके बसले. दोन झटके म्हणजे घमेलं वर घेतो, तीन झटके म्हणजे तू वर ये. जेवायची वेळ झाली असेल म्हणावं, तर ऊन अजून भिंतीच्या पहिल्या टप्प्यालाही टेकलं नव्हतं. त्यानं मान वर केली. रुपयाएवढ्या आभाळात बायकोचं डोकं दिसलं.

"अहो, वर या," ती म्हणाली.

एवढंच. विहिरीत आवाज घुमतो म्हणून एरवी ती काठावरून पाच-सहा वाक्यं तरी सोडायची. कोळसे संपले, शेजारीण आली, बाबा खोकतायत. आज पुढे काहीच आलं नाही. पाताळ्यानं पहार कपारीत उभी केली, कमरेला दोर बांधला आणि वर येताना भिंतीचे दगड एकेक हातानं चाचपत राहिला. रहाटावरचे दोघे त्याच्याकडे न बघता दोर ओढत होते.

म्हातारा पडवीतल्या खाटेवर होता, रोजच्यासारखा भिंतीला टेकून. मान तेवढी कलली होती.

"चहा दिला तेव्हा बोलले," बायको सांगत होती. "म्हणाले, उतरला का तो खाली? म्हटलं, उतरले. म्हणाले, दोर बघून घेतला का? म्हटलं, घेतला. मग मी चुलीकडे गेले. परत आले तर कप तसाच भरलेला."

पाताळ्यानं बापाच्या हनुवटीखाली हात घालून मान सरळ केली. त्याच्या ओल्या हाताचा चिखल म्हाताऱ्याच्या पांढऱ्या खुरट्या दाढीला लागला. तो त्यानं सदऱ्याच्या बाहीनं पुसायला घेतला, तर बाही त्याहून मळलेली.

"राहू द्या," बायको म्हणाली. "मी पुसते. तुम्ही पुढचं बघा."

पुढचं म्हणजे जागा. ती ठरलेली होती.

म्हाताऱ्याला गाव फौजी म्हणत असे. लग्नाला दोन वर्षं झाली असताना लढाईला गेला आणि सात वर्षांनी परत आला. मधली तीन वर्षं तर तो आहे की नाही याचाही पत्ता नव्हता. शत्रूच्या कोंडवाड्यात होता, असं मागाहून कळलं. तोवर बायकोनं एकटीनं नांगर धरला, एकटीनं पोर वाढवली. तो दारात उभा राहिला तेव्हा ती पोर, म्हणजे पाताळ्याची ताई, आईच्या मागे लपून विचारत होती, "हा माणूस कधी जाणार?" पुढच्या वर्षी पदक आलं, टपालानं, खाकी कागदात. पूल राखला म्हणून, की जखमी माणसं पुलावरून उचलून आणली म्हणून, ते त्यानं कुणाला धड सांगितलं नाही. बायकोनं पदक हातात धरून बघितलं, पेटीत ठेवलं आणि म्हणाली, "परत जायचं असेल तर सांगून जा." त्यानंतर फौजी एक रात्र घराबाहेर राहिला नाही. शहरात काम निघालं तरी शेवटच्या गाडीनं परत. गाडी चुकली तर चालत.

सहा वर्षांपूर्वी ती गेली. शेताच्या वरच्या बांधाला, बोरीच्या झाडाखाली तिला मातीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी म्हातारा पाताळ्याला घेऊन तिथे गेला आणि तिच्या शेजारी सरळ जमिनीवर आडवा झाला.

"माप घे."

"बाबा, उठा. ऊन आहे."

"माप घे म्हणतो ना. विहिरी खणतोस, बापाचं माप घेता येत नाही?"

पाताळ्यानं पहार आडवी धरून माप घेतलं होतं. "लांबी बरोबर आहे," म्हातारा पडल्या पडल्या म्हणाला, "खांद्यात जरा रुंद घे. मागे त्यांनी फार दाटीत ठेवलं होतं." कोंडवाड्याबद्दल तो बोलला ते एवढंच. मग चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले आणि रोज संध्याकाळी त्यातल्या एकावर बसून तंबाखू खात राहिला.

पाताळ्या टिकाव, फावडं घेऊन शेतावर गेला तेव्हा दहा वाजले असतील. संध्याकाळी ऊन उतरलं की माती द्यायची, असा हिशेब. ताईच्या गावाकडे जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ निरोप दिला होता. जमीन उन्हानं भाजून विटेसारखी झाली होती. वरचा हातभर थर फोडायलाच तास गेला. खाली पिवळा मुरूम लागला आणि टिकाव सुरात पडायला लागला. घाम डोळ्यांत जात होता. पण हे काम त्याच्या ओळखीचं होतं. हात चालत होते तोवर डोकं गप्प होतं. आईच्या बाजूची भिंत त्यानं जपून घेतली, टिकाव न मारता खुरप्यानं, तिच्याकडची माती ढळू नये म्हणून.

घरी बाईमाणसांनी म्हाताऱ्याला अंघोळ घालायला घेतली होती. घरात पाणी दीड हंडा. पाणी दोन कोसांवरून आणायचं, पहाटे निघालेली बाई उन्हं चढल्यावर परत यायची. तर शिंप्याची बायको एक लोटा घेऊन आली आणि न बोलता बादलीत ओतून गेली. तिच्या मागून कुंभारीण आली. मग मास्तरांची म्हातारी. बघता बघता गावातल्या प्रत्येक घरचा लोटा त्या बादलीत आला. कुणी भरून आणला, कुणी अर्धा. बादली काठोकाठ भरली. फौजीला पोटभर पाण्यानं अंघोळ झाली, दीड महिन्यात पहिल्यांदा.

हे पाताळ्याला कळलं ते गावच्या प्रमुखाकडून. तो छत्री धरून बांधावर उभा होता. पाताळ्या छातीइतक्या खड्ड्यात होता, त्यामुळे त्याला आधी प्रमुखाचे बूटच दिसले.

"वर ये जरा," प्रमुख म्हणाला.

"बोला ना. ऐकू येतंय."

"अरे, असं खड्ड्यातल्या माणसाशी बोलणं बरं दिसत नाही."

"मी जन्मभर खड्ड्यातूनच बोलतो, प्रमुख."

प्रमुख हसला नाही. छत्री मिटून खाली बसला. माणूस वाईट नव्हता. घसा खाकरून म्हणाला, "मी शहरात ऑफिसात कळवलं. कळवावंच लागतं, पदकाचा माणूस आहे. मोठे साहेब स्वतः येतायत, उद्या दुपारी. बंदुकांची सलामी, बँड, सगळं. आणि माती आपल्या चौकात द्यायची. स्मारक बांधणार आहेत."

पाताळ्यानं फावड्यातला मुरूम वर फेकला. थोडा प्रमुखाच्या बुटावर पडला. "जागा इथे आहे," तो म्हणाला.

"मला माहीत नाही का? रोज बघतोय मी तुझ्या बापाला इथे बसलेला. पण ऐकून तर घे. स्मारक म्हटलं की रस्ता आला. झाडं लावायची म्हणजे पाणी आलं. साहेब फोनवर म्हणाले, पाइप टाकायला लावतो, चौकात नळ देतो. दहा वर्षं अर्ज करतोय मी, दहा वर्षं. चपला झिजल्या. आणि आज त्या माणसानं एका वाक्यात देऊन टाकलं."

पाताळ्यानं आणखी एक फावडं वर टाकलं.

"तूच सांग, त्या विहिरीला पाणी लागणार आहे का?"

हा प्रश्न त्यानं विचारायला नको होता. पाताळ्या गेले पंधरा दिवस ज्या कातळावर घाव घालत होता तो खाली आणखी वीस हात तसाच आहे, हे त्याला पहारीच्या नादावरून कळलं होतं. त्यानं अजून कुणाला सांगितलं नव्हतं. लोक रोज काठावर येऊन वाकून बघत, त्यांना काय सांगायचं.

"नाही लागणार," तो म्हणाला.

प्रमुख उठला, छत्री उघडली. "घरी ये. बसून बोलू."

तो गेल्यावरही पाताळ्या खणत राहिला. खड्डा पुरा झाला, खांद्यात रुंद. तळ त्यानं हातानं सारखा केला.

घरी ताई पोचली होती. साठीची बाई, तीन तास उभ्यानं प्रवास करून आलेली. पण पदर खोचून बापाच्या उशाशी बसली होती आणि समोर प्रमुख स्टुलावर अवघडून बसला होता. दाराबाहेर बायका उभ्या होत्या. कुणी आत येत नव्हती आणि कुणी जातही नव्हती.

"आमच्या बापानं सहा वर्षांपूर्वी जागा ठरवलीय," ताई म्हणत होती.

"ताई, तो माणूस आता तुमच्या घरापुरता राहिला नाही."

"सात वर्षं नव्हताच आमच्या घरापुरता. तेव्हा आई रात्री दाराला कडी घालत नसे, येईल म्हणून. तुम्ही तेव्हा लहान होतात, तुमच्या वडिलांना विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी. एकदा नेलं होतं ना त्याला? दिला आम्ही. आता परत न्यायचं?"

"हा सन्मान आहे, ताई. नेणं कसलं?"

"तेव्हाही सन्मानच म्हणाले होते."

प्रमुखानं पाताळ्याकडे बघितलं. "तू मुलगा आहेस. तू बोल."

पाताळ्या दारात उभा होता, केसांपासून पायांपर्यंत मुरमानं पिवळा. मागे बायकांचा श्वास ऐकू येत होता. शिंप्याच्या बायकोला सातवा महिना होता, तरी ती रोज पहाटे दोन हंडे घेऊन जायची. ती काही म्हणाली असती, हात जोडले असते, तर कदाचित तो चिडला असता आणि नाही म्हणून मोकळा झाला असता. ती नुसती रिकामा लोटा पोटाशी धरून उभी होती. दगडाखाली हात सापडावा तसं झालं त्याला. ओढावा तर सोलतो, ठेवावा तर चेंगरतो.

"कागद कुठाय?" त्यानं विचारलं.

प्रमुखानं खिशातून काढला. कुटुंबाची हरकत नाही, असं त्यावर आधीच लिहिलेलं होतं. पाताळ्यानं सही केली. कागदाला पिवळा अंगठा उमटला. ताईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. बाहेरच्या बायका एकेक करून निघून गेल्या, पावलं न वाजवता, चोरी करून निघाल्यासारख्या.

संध्याकाळी शहरातून गाडी आली. बर्फ आला, मोठी पॉलिश केलेली पेटी आली आणि दोन माणसं आली. त्यांनी फौजेचा कोट मागितला. कोट होता, घरातल्या जुन्या पेटीच्या तळाशी. पण त्या कोटात असे दोन म्हातारे मावले असते. त्या माणसांनी कोट पाठीमागून कात्रीनं उभा कापला आणि टाचण्यांनी आवळला. पुढून झकास दिसायला लागला.

"टोचतील," पाताळ्याची बायको म्हणाली.

पदक छातीला लावलं. ताईनं ते सरळ केलं. त्या माणसांनी येऊन पुन्हा आपल्या पद्धतीनं तिरकं केलं. तसंच लावायचं असतं, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात मशीन आलं. पाताळ्या टिकाव घेऊन तिथे गेला. निदान खड्डा आपल्या हातचा असावा, एवढंच त्याच्या मनात होतं. ड्रायव्हरनं वरून बघितलं. "बाजूला, काका. लागेल."

"मी खणतो. दोन तासांत देतो."

"दहा मिनिटांचं काम आहे."

खरोखरच दहा मिनिटांत झालं. लोखंडी पंजा आला, चौकाची माती ओरबाडून शाळेच्या भिंतीमागे टाकून गेला. चार फुटांवर दगड लागला, तिथे ड्रायव्हर थांबला. पाताळ्या काठावर उकिडवा बसून बघत होता. भिंती वेड्यावाकड्या, माती भुसभुशीत, डावी बाजू तर आत्ताच सुटायला आलेली.

"ही बाजू खचेल," तो म्हणाला. "आणि उथळ आहे. अजून दीड हात हवं."

"वर काँक्रीट येणार आहे, काका. काही खचत नाही." ड्रायव्हरनं मशीन वळवलं.

दुपारी टँकर आला तेव्हा बायका हंडे घेऊन धावल्या. टँकरवरचा माणूस खाली उतरून हात आडवे करायला लागला. पाणी प्यायचं नव्हतं. साहेबांच्या गाडीपुढे धूळ उडू नये म्हणून रस्त्यावर मारायचं होतं. बायका हंडे कडेवर घेऊन भिंतीला लागून उभ्या राहिल्या आणि रस्ता ओला होताना बघत राहिल्या. प्रमुखानं त्या माणसाला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं, मग उरलेलं पाणी वाटलं. प्रत्येकीला पाव हंडा आलं.

पाताळ्या तोवर चौकातल्या त्या खड्ड्यात उतरला होता. डावी भिंत सुटत होती ती त्यानं शाळेमागचे चार दगड आणून दाबून घेतली. त्यात कपडे माखले. बँडचा आवाज आला तसा तो वर चढला आणि घरी जाऊन सदरा बदलावा म्हणून चौकाबाहेर पडला, तर तेवढ्यात मागे गर्दी अडवायचे दोर बांधून झाले आणि तो दोराच्या बाहेर राहिला.

"मागे व्हा," पोलीस म्हणाला.

"मला आत जायचंय."

"सगळ्यांनाच जायचंय. मजुरांनी त्या बाजूला थांबायचं."

"मुलगा आहे मी त्यांचा."

पोलिसानं त्याच्या पायांकडे बघितलं. तरुण होता, उन्हात उभा राहून कावला होता. "घरच्या लोकांना खुर्च्या दिल्यात पुढे," तो म्हणाला. पाताळ्यानं पुढे बघितलं. तीन खुर्च्या होत्या. एकीवर ताई, एकीवर त्याची बायको, तिसरी रिकामी. त्याला हाक मारता आली असती. पण बापाच्या मातीला आपल्या बायकोला हाक मारून सांगायचं, की बाई गं, मी तुझा नवरा आहे असं यांना सांग. ते त्याच्या जिवावर आलं. तो उभा राहिला.

कुणीतरी लाउडस्पीकरवर फौजीचं शौर्य सांगत होतं. आवाज चांगला होता. फौजीला मृत्यूची भीती ठाऊक नव्हती, घरदार विसरून तो लढला, असं तो आवाज म्हणाला. बंदुका उडाल्या. शाळेच्या छपरावरची कबुतरं उठली. चौकातली कुत्री पळाली. पेटी दोरांवरून खाली गेली, आणि दोर सोडणाऱ्यांच्या हातांकडे बघताना पाताळ्याची बोटं आपोआप आवळली. उजवीकडचा माणूस सैल सोडत होता. पेटी कलली, दगडाला आपटली. तो आवाज त्याला दोराच्या बाहेरही ऐकू आला.

मग वीराच्या मुलानं पुढे यावं, असं पुकारलं. तिसऱ्या वेळी पुकारलं तेव्हा मास्तरांनी त्याला गर्दीत बघितलं आणि दंडाला धरून दोराखालून आत घेतलं. पोलीस ओशाळला. साहेब उंच, पिकल्या केसांचे, थकलेले दिसत होते. त्यांनी घडी केलेलं निशाण पाताळ्याच्या हातांवर ठेवलं. हातांची माती त्याला लागली. साहेबांनी ते बघितलं. मग जवळ वाकून हलक्या आवाजात विचारलं, "काही सांगायचंय का तुम्हाला? काही मागणं असेल तर सांगा."

पाताळ्याला वाटलं, हा माणूस ऐकेल. अजून पेटीवर माती पडलेली नाही. आत्ता म्हटलं तर होईल.

"आईजवळ..." तो म्हणाला. त्याच वेळी बँड सुरू झाला.

साहेबांनी मान हलवली, त्याचा खांदा दाबला. "हो, हो. अशा आईही थोर असतात," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

ताई दोन दिवस राहिली. या दोन दिवसांत ती भावाशी वाईट बोलली नाही. जेवायला वाढलं, त्याचा सदरा धुतला तोही दीड तांब्या पाण्यात. जायच्या सकाळी दोघं शेतावर गेले. आईच्या शेजारी खड्डा तसाच उघडा होता, कडा धारदार, तळ सारवल्यासारखा.

"चांगला खणलायस," ताई म्हणाली. "बुजवू नको इतक्यात. एकदा विचारून बघ त्यांना. साहेब बरा वाटला."

"विचारतो."

"तू नाही म्हणाला नाहीस, याचा मला राग नाही. मी इथं राहत असते आणि दोन कोसांवरून पाणी आणत असते, तर मीही नाही म्हणाले नसते." तिनं डोळ्याला पदर लावला. "पण आईला काय वाटत असेल रे? परत न सांगता गेला."

पाताळ्यानं मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला आणि शहरात गेला. ऑफिसातल्या कारकुनानं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. अर्ज दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला.

"तुमचं दुःख कळतं मला," तो म्हणाला. "पण ती जागा आता स्मारकाची. तिथून काही हलवायचं तर वरचा हुकूम लागतो. मी कागद पुढे पाठवतो, मला काय. फक्त एक गोष्ट ध्यानात घ्या. तुमच्या गावच्या पाइपचं कामही याच फाइलीत आहे. स्मारकासाठी पाणी, असंच मंजूर झालंय. या फाइलीत हा अर्ज लागला, तर वरचे विचारतील, स्मारक हलणार आहे का? आणि मग ते ठरेपर्यंत पाइप थांबेल."

"किती दिवस?"

"दिवसांत नाही सांगता येत."

ग्लासातलं पाणी पाताळ्यानं संपवलं. मग टेबलावरचा अर्ज उचलला, चार घड्या केल्या आणि खिशात घातला. कारकून उठून दारापर्यंत सोडायला आला.

नळ आला. लोक म्हणत होते येणार नाही, पण आला, पाचव्या आठवड्यात. स्मारकाच्या कठड्याला लागूनच तोटी बसवली. रोज सकाळी दोन तास पाणी. शिंप्याच्या बायकोनं पहिला हंडा भरला आणि तो आपल्या घरी न नेता पाताळ्याच्या दारात आणून ठेवला. पाताळ्या तांब्याभर प्याला. पाणी गार होतं, गोड होतं. त्याला कुठेतरी वाटत होतं, ते मचूळ निघावं.

मग निरोप आला. स्मारकाची शिळा बसवायला पाहुणे येणार होते, तर शाळेच्या भिंतीमागचा मातीचा ढीग तेवढा हलवायचा होता. मशीननं बापाच्या खड्ड्यातून काढून टाकलेली ती माती. तिथे फुलझाडं लावायची होती. ऑफिसातून आलेल्या माणसानं गावात विचारलं, मातीकाम कोण करतं, आणि गावानं सवयीनं पाताळ्याचं नाव सांगितलं. सांगून झाल्यावर सांगणाऱ्यानं जीभ चावली. प्रमुख स्वतः त्याच्याकडे आला.

"दुसऱ्या गावचा माणूस आणतो मी," तो खाली बघत म्हणाला. "तू राहू दे."

"मी नेतो," पाताळ्या म्हणाला. "टाकायची कुठे?"

"कुठेही टाक. ती कुणाला हवीय?"

शेतावरचा खड्डा बुजवायला आलाच होता. पावसाळा तोंडावर होता आणि उघडा खड्डा पाण्यानं भरला तर आईच्या बाजूची भिंत आत येणार, हे सांगायला कुणी नको होतं. काढलेली माती निम्मी राहिली होती; वाऱ्यानं नेली, शेरडांनी तुडवून पसरली. पाताळ्यानं सकाळीच हातगाडा काढला. त्यानं भरायचं, बायकोनं मागून लोटायचं, अशा दुपारपर्यंत नऊ खेपा झाल्या. वाटेत भेटणारे बाजूला होत होते. कुणी विचारत नव्हतं कुठे नेताय. शिंपी दुकानातून उठून आला आणि चढावर गाड्याला हात लावून परत गेला.

मातीत काय काय होतं. बाटल्यांची झाकणं, सुकलेल्या हारांचे दोरे, बँडवाल्याच्या टोपीचं एक पितळी बटण, विड्यांची थोटकं. पाताळ्या प्रत्येक घमेलं ओतण्याआधी वाकून निवडत होता आणि निवडलेलं फडक्यात टाकत होता. बायकोही निवडायला बसली. तांदूळ निवडावेत तशी दोघं बसली होती, मधे मातीचं घमेलं. फूटभर थर झाला की तो आत उतरून पायांनी तुडवायचा, आईच्या बाजूला हलकेच, दुसऱ्या बाजूला टाच मारून. हळूहळू तो वर येत गेला. गुडघे दिसले, मग पावलं. शेवटी तो जमिनीबरोबर उभा राहिला.

फावड्याच्या पाठीनं त्यानं माती थापली. दोन उंचवटे शेजारी शेजारी दिसायला लागले. जुन्यावर गवत होतं, नवा उघडा.

"ताईला काय कळवायचं?" बायकोनं विचारलं.

"खड्डा बुजवला म्हणून कळव."

"एवढंच?"

पाताळ्या फावड्याला लागलेली माती बोटांनी काढत राहिला. सांगायला काय होतं? ढीग हलवायला सांगितला, तो हलवला. माती कुठेही टाक म्हणाले, तर इथे टाकली. बाप चौकात, काँक्रीटखाली, कापलेल्या कोटात होता. ते काही बदललं नव्हतं.

"एवढंच," तो म्हणाला.

खाली गावाकडून हंड्यांचा आवाज यायला लागला. आज पाहुण्यांच्या तयारीमुळे पाणी सकाळऐवजी दुपारी सोडणार होते. चौकात बायका जमत होत्या. बायकोनं मान वळवून तिकडे बघितलं, मग त्याच्याकडे. उठावं की बसावं, तिला कळेना.

"पाणी सुटलं वाटतं," ती म्हणाली.

"जा," पाताळ्या म्हणाला. "मोठा हंडा ने."